ओहम हरवलेला मीटर

मित्रांनो, मीटर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे घराबाहेरच्या भिंतीवरची ती पेटी येते, जिचे आकडे पळू लागले की घरातली मोठी माणसे खोलीखोलीत जाऊन पंखे बंद करतात. मी तो नव्हे. माझ्यामुळे कोणाच्या घरात कुरबुर झाली नाही. दुरुस्तीच्या दुकानातला, टेबलावर आडवा ठेवून वाचायचा, काट्याचा एक जुना मीटर आहे मी.

माझे शरीर काळ्या बॅकेलाइटचे, म्हणजे जुन्या काळच्या टणक प्लास्टिकचे आहे. तोंडावर काच, काचेखाली पांढरी तबकडी आणि तबकडीवर कमानीसारख्या तीन पट्ट्या. एक व्होल्टची, एक अँपिअरची, एक ओहमची. पट्ट्यांच्या मधोमध आरशाची एक बारीक चीर आहे. काटा आणि आरशातले त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले, की मगच आकडा वाचायचा. तिरके पाहिले तर आकडा चुकतो आणि लोक म्हणतात, मीटर खोटे बोलतो. मी खोटे बोलत नाही. पाहणारा तिरका असतो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. मोठ्या खिडक्या, खिडक्यांखाली ओळीने टेबले आणि प्रत्येक टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायका. त्यांच्यापैकी एकीने केसाहून बारीक तार गुंडाळून माझ्या काट्याचे वेटोळे केले. स्प्रिंग बसवताना तिने श्वास रोखून धरला होता. शेजारणीला शिंक आली, तर ही डोळे वटारून म्हणाली, "पाच मिनिटं दम धर, मग काय शिंकायचं ते शिंक." शेवटी तिने काट्यावर हलकीशी फुंकर मारली. काटा थरथरला, डोलला आणि गुमान शून्यावर येऊन थांबला.

"झालं बाबा तुझं," ती म्हणाली. माझ्याशी बोललेले हे पहिले माणूस. पुढे ती मला कधीच दिसली नाही.

तिथून मी आलो मिस्त्रींकडे. चढावरच्या रस्त्याला, शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांचे छोटेसे दुकान होते. इस्त्र्या, शेगड्या, पाणी तापवायच्या कांड्या, तारांच्या सांध्याला डाग द्यायची अवजारे, जे जे विजेवर तापते ते त्यांच्याकडे दुरुस्तीला येई. टेबलावर जळक्या डागांची नक्षी होती. स्क्रूंचे डबे मापाप्रमाणे लावलेले असत आणि एखादा स्क्रू चुकीच्या डब्यात सापडला की दिवसभर त्यांच्या कपाळावरची आठी उतरत नसे. पण मला ते तान्ह्या बाळासारखे उचलत. काम झाले की काच पुसून, वायरी गुंडाळून मला कापडाचे अस्तर लावलेल्या पेटीत ठेवत. बहुतेक काट्याच्या मीटरांना घरातल्या विजेचा करंट मोजता येत नसे. मला येत असे, आणि मिस्त्री ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मला त्याचा थोडा ताठाही आला होता, आता कबूल करायला काय हरकत आहे?

अशी पुष्कळ वर्षे गेली. मिस्त्रींच्या मुलाचे लग्न झाले. मुलगा दूर बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात दुसरे कोणी नव्हते. त्यामुळे सूनबाई दुपारचा डबा घेऊन दुकानात येई आणि सासऱ्यांचे जेवण होईपर्यंत बसून राही. बसल्या बसल्या पाहू लागली, पाहता पाहता विचारू लागली. एक दिवस मिस्त्रींनी तिच्यापुढे स्क्रू ड्रायव्हर ठेवला आणि म्हणाले, "नुसती बघत काय बसतेस? खोल ती इस्त्री."

तिचा हात चांगला होता. पण चौथ्या की पाचव्या दिवशी तिच्याकडून एक मोठी चूक झाली.

मित्रांनो, ओहम मोजताना वस्तूत वीज असता कामा नये. ओहम मोजायला माझ्या पोटातली छोटी बॅटरी पुरते. बाहेरची वीज आली तर माझा जीव जातो. काय मोजायचे ते ठरवणारा माझा नॉब सूनबाईने ओहमवर ठेवला होता आणि तिला मोजायचे होते सॉकेटचे व्होल्ट. नॉब फिरवायचा राहिला. तिने माझ्या वायरींची दोन्ही टोके सॉकेटात घातली. फट् असा आवाज झाला, काटा उजवीकडच्या भिंतीवर आपटला आणि माझ्या कडेने धुराची बारीक रेघ निघाली.

तिच्या तोंडचे पाणीच पळाले. मिस्त्रींनी मला उचलले, कानाशी धरून हलवले, वास घेतला. एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. सूनबाई डबा ठेवून तशीच मागे फिरली. त्यांनी मला खोलून पाहिले. माझा तो भाग बनवणे कारखान्याने केव्हाच बंद केले होते. तिसऱ्या दिवशी ती डबा ठेवून निघाली, तेव्हा ते म्हणाले, "बस."

ती बसली.

"ओहम गेला," ते म्हणाले. "व्होल्ट आणि अँपिअर शाबूत आहेत. मी तपासलं."

"बाबा, यांना पत्र लिहिते. येताना नवा मीटर घेऊन येतील."

"नवा आणून काय करशील? तोही जाळशील." असे म्हणून ते स्वतःच हसले. तीन दिवसांनी हसले. "भागाकार येतो ना?"

"येतो की. शाळेत गणितात पहिली यायचे मी."

"मग एवढं काय मनाला लावून घेतेस? हे दोघं मिळून तिसऱ्याचा पत्ता सांगतात. व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा. अँपिअर म्हणजे त्या रेट्यानं खरोखर किती वीज वाहिली. रेटा भरपूर आणि वाहणं थोडं, म्हणजे वाटेत अडवणारं कोणीतरी दांडगं बसलंय. त्या अडवण्याचं माप म्हणजे ओहम. व्होल्टला अँपिअरनं भागायचं."

"आणि वॅट?"

"त्यांचाच गुणाकार. व्होल्ट गुणिले अँपिअर. वस्तू किती जोरानं काम करतेय, किती तापतेय, ते कळतं."

लगेच त्यांनी तिला एक इस्त्री दिली. तिने व्होल्ट मोजले, दोनशे पंचवीस. मग वीज बंद करून, एक वायर सोडवून मला मधे जोडले, कारण करंट मोजायचा तर तो माझ्यातूनच जावा लागतो. पुन्हा वीज सुरू केली. काटा तीनच्या थोडा पुढे गेला, तीन पूर्णांक दोन अँपिअर. तिने डब्याच्या पुठ्ठ्यावर गणित मांडले. सत्तर ओहम. सातशे वीस वॅट.

"इस्त्रीवर सातशे पन्नास लिहिलंय, बाबा. तीस कमी भरतात. बिघडलीय?"

"इस्त्रीवर अजून काय लिहिलंय?"

"दोनशे तीस व्होल्ट."

"आणि आत्ता आपल्याकडे आहेत किती? दोनशे पंचवीस. रेटाच कमी, तर वॅट कुठून येणार? ओहम मात्र होते तेवढेच आहेत. हे बघ, ओहम हा वस्तूचा स्वभाव. वॅट हा त्या वेळचा उत्साह. उत्साह कमी दिसला म्हणून लगेच स्वभावाला नावं ठेवायची नाहीत."

सूनबाईने ते पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. त्या दिवसापासून मला धरताना तिचा हात हलका झाला. मिस्त्रींनी तिला एक शिस्त लावली. टोके लावण्यापूर्वी ते विचारत, "नॉब?" ती सांगे, "व्होल्टवर." "लाल वायर?" "जागेवर." "लाव." हे झाल्याशिवाय ती मला कशाला टेकवत नसे.

आता जे सांगतो, ते माझ्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. मिस्त्री माझ्यावर पूर्वीपेक्षा खाली वाकू लागले होते. आधी वीतभर अंतरावरून वाचत. मग चार बोटांवरून. मग त्यांचे नाक काचेला टेकू लागले आणि काचेवर वाफ धरू लागली. एकदा त्यांनी अँपिअरचा आकडा व्होल्टच्या पट्टीवर वाचला. सूनबाई शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले आणि ओठांवर आलेले बोलणे गिळले. समोर गिऱ्हाईक उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून ती आकडे मोठ्याने वाचू लागली. का, ते तिने सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

"दोनशे वीस, दोन!" ती म्हणे.

"एकशे दहा ओहम, चारशे चाळीस वॅट," मिस्त्री मान वर न करता सांगत.

"दोनशे तीस, अर्धा!"

"चारशे साठ. एकशे पंधरा."

त्यांचा हिशेब चुकत नसे. गिऱ्हाइकांना वाटे, काय ही सासरा-सुनेची जुगलबंदी! शेजारचा शिंपी शिलाई मशीन थांबवून ऐकत बसे. मिस्त्रींना जवळजवळ दिसत नाही, हे दोन माणसांना ठाऊक होते आणि ती दोघे ते एकमेकांशीही बोलत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा.

अशातच पोस्टमन आले.

हे पोस्टमन निवृत्त झाले होते, पण लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी कोंबडीची अंडी उबवायचे यंत्र बसवले होते. अंडी लावण्याआधी त्यांनी यंत्राचा हीटर तपासायला आणून दिला होता, कारण तो हळू तापतो असा त्यांना संशय होता. त्या वेळी सूनबाई माहेरी होती. मिस्त्रींनी एकट्याने, काचेला नाक लावून, आकडा वाचला आणि सांगितले, हीटर उत्तम आहे.

आता पोस्टमन दुकानाच्या पायरीवर धापा टाकत उभे होते.

"मिस्त्री, तुमच्याकडे आला की तो हीटर शहाण्या मुलासारखा वागतो आणि घरी नेला की रुसून बसतो. थंडी वाढली तशी यंत्रातली ऊब घसरतेय. साडेसदतीस अंश हवी, ती आज पस्तीसवर आलीय. चारशे अंडी आहेत हो आत. सोळावा दिवस आहे. पिल्लं आत हलायला लागलीत."

"हीटर चांगला आहे," मिस्त्री म्हणाले.

"बाजारातला वायरमन म्हणतो, हीटर म्हातारा झालाय, फेकून द्या. उद्या सकाळी दुप्पट मोठा, हजार वॅटचा बसवतो म्हणाला." पोस्टमन जरा घुटमळले. "राग मानू नका, पण खरं सांगा. तुम्हाला हल्ली नीट दिसतं का?"

सूनबाईने हातातली माझी वायर खाली ठेवली.  मिस्त्रींचा चेहरा मला खालून दिसत होता. त्यांना राग आलेला नव्हता. ते मनातल्या मनात तो दिवस परत पाहत होते. आपण काटा नेमका कुठे पाहिला होता? बरोबर पट्टीवर वाचला की दुसऱ्याच?

"सूनबाई," ते म्हणाले, "मीटर घे. आपण त्यांच्या घरी जाऊ."

मिस्त्री कधी कोणाच्या घरी जात नसत. वस्तू दुकानात आणा, हा त्यांचा नियम. त्या दिवशी ते सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून चढ उतरले आणि मी तिच्या पिशवीत होतो.

ते यंत्र म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी होती. दाराला काचेची चौकट, आत थरांवर अंडी. हीटर चालू असल्याचा लाल दिवा कालपासून एकदाही विझला नव्हता, असे पोस्टमनच्या पत्नीने सांगितले. पुरेशी ऊब झाली की तो आपोआप विझायला हवा. ती बिचारी पेटीवर ब्लँकेट गुंडाळून दाराशी बसून होती.

सूनबाईने हीटरचा प्लग काढून सॉकेट तपासले.

"नॉब?"

"व्होल्टवर."

"लाव."

काटा दोनशे तीसवर गेला. व्होल्ट पुरेपूर! सूनबाईचा आवाज पडला. "दोनशे तीस, बाबा."

"वायरमननंही हेच सांगितलं," पोस्टमन म्हणाले. "वीज ठीक आहे, हीटर गेलाय."

मिस्त्रींनी हीटरचा प्लग हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "रिकाम्या रस्त्यावर गर्दी कळत नाही. हीटर लाव आणि तो चालू असताना बघ."

तिने प्लग लावला, हीटरच्या दोन टोकांवर मला धरले. मित्रांनो, मीच चकित झालो. काटा दोनशेच्याही अलीकडे थांबला.

"एकशे ऐंशी!"

"आता अँपिअर. आधी वीज बंद. घाई करू नकोस."

तिने वायर सोडवली, मला मधे जोडले.  "नॉब?" "अँपिअरवर." "लाल वायर?" "मोठ्या करंटच्या भोकात." "लाव."

"एक पूर्णांक सात."

मिस्त्रींचे ओठ हलले. "एकशे सहाच्या आसपास ओहम. वॅट तीनशे सहा. आता हीटरवर काय लिहिलंय ते वाच आणि त्याचे ओहम काढ. तू काढ. मी काढत नाही."

तिने पाटीसारखी वही मांडीवर घेतली. "दोनशे तीस व्होल्ट, पाचशे वॅट. म्हणजे अँपिअर... पाचशेला दोनशे तीसनं भागून दोन पूर्णांक सतरा. आता दोनशे तीसला दोन पूर्णांक सतरानं भागायचं." पेन्सिल थांबली. ती पुन्हा वरून खाली तपासत गेली. "बाबा, एकशे सहा! हीटर जसा हवा तसाच आहे!"

मिस्त्री शेजारच्या खोक्यावर खाली बसले. "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," ते हळूच म्हणाले. मला वाटते, ते सूनबाईने आणि मीच काय ते ऐकले.

पण काम संपले नव्हते. हीटर चालू ठेवून तिने घरातल्या मुख्य बोर्डावर व्होल्ट मोजले. तिथे पूर्ण दोनशे तीस. शेडमध्ये एकशे ऐंशी.

"वाटेत पन्नास व्होल्ट गळतायत," मिस्त्री म्हणाले. "करंट सगळीकडे तोच. गुणाकार कर."

"पन्नास गुणिले एक पूर्णांक सात... पंच्याऐंशी वॅट."

"म्हणजे कोणी वीज चोरतंय की काय?" पोस्टमनने विचारले.

"चोरली असती तर बरं झालं असतं, निदान घराबाहेर तरी गेली असती. ते पंच्याऐंशी वॅट तुमच्याच घरात आहेत, पोस्टमन. कुठंतरी एका टिचभर जागेत तापतायत." मिस्त्री उभे राहिले होते. "बोर्डापासून शेडपर्यंत वायर कुठून जाते?"

"कोठीच्या खोलीतून."

"काय ठेवलंय तिथं?"

पोस्टमन कोठीच्या दाराकडे पाहू लागले. त्यांच्या पत्नीने उत्तर दिले, "पेंढा. पिल्लांखाली अंथरायला. छतापर्यंत रचलाय."

"मेन बंद करा," मिस्त्री ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकले.

कोठीत अंधार होता. अंधाराचे मिस्त्रींना काय? ते भिंतीवर तळवा टेकवून चालत गेले. बाकीचे पेंढ्याच्या गठ्ठ्यांना अडखळत होते, ते मात्र सरळ पुढे गेले. कोपऱ्याच्या जवळ त्यांचा हात थांबला.

"इथं. भिंत गरम आहे."

गठ्ठे ओढून काढले. मागे लाकडी डबी होती, तिच्यात दोन वायरींचा सांधा. डबीचे झाकण चहाच्या रंगाचे झाले होते. तिला टेकलेल्या गठ्ठ्याची टोके काळी पडली होती आणि हात लावताच त्यांची राख झाली. पोस्टमनच्या पत्नीने तो गठ्ठा ओढून बाहेर नेला. कोठीच्या पलीकडची भिंत त्यांच्या झोपायच्या खोलीची होती.

सूनबाईने डबी उघडली. कोणीतरी कधीकाळी दोन तारा नुसत्या पीळ देऊन चिकटपट्टीत गुंडाळल्या होत्या. पीळ सैल पडून काळा ठिक्कर झाला होता. तिने जळका भाग कापला, तारा खरवडून लख्ख केल्या आणि स्क्रूच्या घट्ट पकडीत बसवल्या. तोवर अंड्यांच्या पेटीवर आणखी दोन ब्लँकेटे पडली होती. मेन सुरू झाला तेव्हा माझ्या काट्याने शेडमध्ये दोनशे अठ्ठावीस व्होल्ट दाखवले, मग दोन पूर्णांक पंधरा अँपिअर.

"चारशे नव्वद वॅट," सूनबाई आणि मिस्त्री एकदमच म्हणाले.

दीड तास सगळे पेटीसमोर बसून होते. मग लाल दिवा विझला. ऊब पुरी झाली होती. दिवा विझला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसे मी त्याच दिवशी पाहिली.

निघताना पोस्टमन मिस्त्रींचा हात धरून म्हणाले, "मी तुमच्या नजरेबद्दल बोललो, ते मनात ठेवू नका."

"बरोबरच बोललात," मिस्त्री म्हणाले. "मला दिसत नाही. वर्ष झालं. आकडे ही वाचते, मी फक्त ऐकतो. ती नसती तर आज मी हीटरच बदलून दिला असता."

सूनबाईने मला पिशवीत ठेवायच्या निमित्ताने तोंड फिरवले. तिचे डोळे भरून आले होते. घरी जाऊन तिने वहीत आणखी एक गणित मांडले. हजार वॅटचा हीटर लागला असता तर त्या सैल सांध्यात किती वॅट तापले असते? उत्तर दोनशे एकोणतीस आले. तिने वही मिटली.

पिल्ले दीड दिवस उशिरा बाहेर आली. चारशेपैकी तीनशे बावीस. पोस्टमन शर्टाच्या खिशात एक पिल्लू घालून दुकानात आले आणि त्यांनी ते माझ्या काचेवर ठेवले. सूनबाई तेव्हा काहीतरी मोजत होती. काटा हलला, तसे ते पिल्लू काचेवरून काट्याला चोच मारू लागले. मिस्त्रींना दिसत नव्हते, पण टकटक ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आयुष्यात माझे कौतुक पुष्कळांनी केले. मला खाऊ समजणारे ते एकटेच.

त्यानंतर लोक उघडपणे सूनबाईला विचारू लागले. आकडे ती वाचे, गणित मिस्त्री सांगत, आणि लपवण्यासारखे काही उरले नसल्यामुळे दुकानात मोकळे मोकळे वाटे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. तशी नऊ वर्षे गेली.

मग मिस्त्री गेले. दुकान तेरा दिवस बंद होते. चौदाव्या दिवशी सूनबाईने कुलूप उघडले, एक शेगडी घेतली, मला लावले आणि सवयीने म्हणाली, "दोनशे वीस, चार!" मग ती थांबली. शेजारी शिंप्याचे मशीनही थांबले.  शेवटी तिने स्वतःच, अगदी हळू आवाजात म्हटले, "पंचावन्न. आठशे ऐंशी." आणि शेगडी खोलायला घेतली.

पुढे तिचा नवरा बोटीवरून आला, तो आकडे झळकवणारा नवा मीटर घेऊन. तो व्होल्ट, अँपिअर, ओहम सगळे दाखवी. त्याला आरसा लागत नसे, तिरके पाहिले तरी चाले. मला राग आला नाही, खरेच. सूनबाईने मला पुसले, पेटीत ठेवले आणि खणात सरकवले. फक्त एक गोष्ट विसरली. माझा ओहम गेल्यापासून पोटातली बॅटरी कोणाला लागत नव्हती, म्हणून ती आत आहे हेही कोणाच्या ध्यानात नव्हते. अंधारात ती बॅटरी फुगली, फुटली, आणि तिचे खारट पाणी माझ्या आतल्या पितळी पट्ट्या खात राहिले. अकरा वर्षे. मला ओरडता आले असते, तर मी ओरडलो असतो.

तिने दुकान आवरायला काढले तेव्हा तिचेही केस पांढरे झाले होते. खणात मी सापडलो. पेटी उघडताच हिरवट बुरशीसारखी भुकटी तिच्या मांडीवर सांडली. "अरे देवा," ती म्हणाली, "जाळलाही मीच आणि कुजवलाही मीच!" दोन दिवस ती व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस काडीला लावून माझे पोट साफ करत होती. तिसऱ्या दिवशी काटा अडखळत हलला.

आता मी मुलींच्या तंत्रशाळेत असतो. सूनबाई तिथे आठवड्यातून दोनदा शिकवायला येते. तिथल्या मुली तिला बाई म्हणतात. मला पाहून नव्या मुली हमखास विचारतात, "बाई, याचा ओहम चालत नाही, मग हा ठेवलाय कशाला?"  बाई एक हीटर आणि कागद-पेन्सिल पुढे सरकवतात. नव्या मीटरवर तयार उत्तर वाचणाऱ्या मुली माझ्यापुढे बसल्या, की आधी वैतागतात, मग खाली वाकतात, मग एक डोळा मिटतात. आणि मग त्यांच्यापैकी एखादी स्वतःशीच पुटपुटते, "म्हणजे अडवतोय किती, ते आपणच काढायचं!"

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या खणात काहीतरी पडून असेल. टॉर्च असेल, घड्याळ असेल, लहानपणीची गाडी असेल. आज तो खण उघडा. ती वस्तू ठेवायची असेल तर बॅटरी काढून, पुसून, कोरडी ठेवा. द्यायची असेल तर वापरणाऱ्याला द्या. आणि तिचा एक भाग गेला म्हणून सगळी गेली असे ठरवण्याआधी, उरलेले काय सांगता येते ते तिला एकदा विचारून पाहा. माणसांच्या बाबतीतही मला हेच म्हणायचे आहे, पण एका मीटरने त्याहून जास्त उपदेश करू नये.

तास सुरू होतोय. आज सहा मुली आहेत आणि मी एकटा. शेवटच्या मुलीची पाळी येईपर्यंत मला हलते राहायला हवे.